वेदनेचे प्रशिक्षण : मिरचीचा फवारा आणि विद्युत्-शस्त्रे यांच्या शिकवणीची चिकित्सा

सारांश

मिरचीचा फवारा अथवा विद्युत्-धक्का देणारे शस्त्र यांच्या वापरातून अनर्थ घडला की 'प्रशिक्षण अपुरे होते' असे निदान केले जाते आणि 'अधिक प्रशिक्षण' हा उपाय सुचविला जातो. प्रस्तुत लेखात या निदानाचीच चिकित्सा केली आहे. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील काही बहुचर्चित घटनांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, या शस्त्रांचे प्रचलित प्रशिक्षण हाताला जितके शिकविते तितके विवेकाला शिकवीत नाही. शेवटी या चर्चेचा आपल्याकडील महाविद्यालयीन स्वसंरक्षण-प्रशिक्षणाशी असलेला संबंध तपासला आहे.

बीजशब्द : मिरचीचा फवारा, टेझर, प्रशिक्षण, वेदना, बळाचा वापर, स्वसंरक्षण.

१. प्रस्तावना

शस्त्र आणि शिक्षण यांचा संबंध आपल्या परंपरेला नवा नाही. द्रोणाचार्यांच्या आश्रमात धनुर्विद्या शिकविली जात असे, तेव्हा अस्त्र सोडण्याबरोबर ते परत घेण्याची विद्याही शिकविली जाई. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता आले, पण आवरता आले नाही. अर्जुनाला मात्र दोन्ही येत होते. शस्त्रविद्येची कसोटी ते चालविण्यात नसून आवरण्यात आहे, हा विचार या कथेत स्पष्ट आहे. आधुनिक काळातील तथाकथित 'कमी प्राणघातक' शस्त्रांच्या प्रशिक्षणाला हीच कसोटी लावली असता काय दिसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या शस्त्रांत दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिला प्रकार मिरचीतील दाहक अर्काच्या फवाऱ्याचा आणि दुसरा विद्युत्-धक्क्याने स्नायूंवरील ताबा घालविणाऱ्या शस्त्राचा. दोन्हींचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अमेरिकेतील पोलीस दलांतून झाला. दोन्हींच्या समर्थनार्थ एकच युक्तिवाद केला जातो की, बंदूक आणि दंडुका यांच्यापेक्षा ही साधने सौम्य आहेत आणि योग्य प्रशिक्षण मिळाल्यास ती सुरक्षित आहेत. या युक्तिवादाचा पूर्वार्ध पुष्कळ अंशी मान्य करता येण्याजोगा आहे. उत्तरार्धाची मात्र फारशी तपासणी झालेली नाही.

२. नावांची चिकित्सा

कोणत्याही प्रशिक्षणाचा पहिला पाठ नावांचा असतो, म्हणून चिकित्सेचा आरंभही तेथूनच करणे इष्ट ठरेल. 'टेझर' हे नाव एका बालकादंबरीतून आले आहे. १९११ साली व्हिक्टर ॲपलटन या टोपणनावाने 'टॉम स्विफ्ट अँड हिज इलेक्ट्रिक रायफल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हे टोपणनाव स्ट्रेटमायर सिंडिकेट या लेखनसंस्थेचे होते. जॅक कव्हर या भौतिकशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात आपले उपकरण तयार केले, तेव्हा लहानपणी आवडलेल्या या पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरे जुळवून त्याने उपकरणाचे नामकरण केले. उच्चार सुलभ व्हावा म्हणून मधे एक अक्षर पदरचे घातले. त्या कादंबरीचा नायक विजेची बंदूक घेऊन आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीस जातो आणि तेथील आदिम जमातीच्या तावडीतून मिशनऱ्यांची सुटका करतो. शस्त्रधारी नायक सुसंस्कृत, समोरचा तो हिंस्र, आणि विजेची शक्ती हा न्यायाचा हात, अशी त्या कथेची रचना आहे. एका उपकरणाच्या नावावरून त्याच्या वापराचा निवाडा करणे अयोग्य होईल. तथापि शस्त्रधाऱ्याच्या कल्पनेत समोरचा मनुष्य कोणत्या रूपात उभा असतो, हा प्रश्न या नावाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे, एवढे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

मराठीत या साधनांची नावे अधिकच गोंधळाची आहेत. वृत्तपत्रांतून 'मिरपूड फवारा' असा शब्द सर्रास वापरला जातो. वास्तविक मिरपूड म्हणजे काळ्या मिरीची पूड, आणि या फवाऱ्यात मिरीचा अंशही नसतो. त्यात असतो तो मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याचा तेलकट अर्क. इंग्रजीतील एकाच शब्दाने मिरी आणि मिरची या दोन्हींचा बोध होतो, त्याचा हा शब्दशः अनुवाद होय. हा केवळ शब्दशुद्धीचा प्रश्न नाही. मिरपूड म्हटले की शिंक आठवते, तिखट म्हटले की आग आठवते. डोळ्यांत तिखटाची पूड फेकून लुटल्याच्या बातम्या मराठी वाचकाला परिचित आहेत. घरात शिरलेल्या चोरावर तिखट फेकणाऱ्या गृहिणीच्या बातम्याही तितक्याच परिचित आहेत. एकच मूठ कोणाच्या हातात आहे, यावर तिचा अर्थ ठरतो, ही जाणीव 'तिखट' या शब्दात आहे, ती 'पेपर स्प्रे' या कोऱ्या करकरीत शब्दात नाही.

तिसरे नाव या शस्त्रांच्या वर्गाचे आहे. आरंभी त्यांना 'अप्राणघातक' म्हटले जाई. मृत्यू घडू लागल्यावर 'कमी प्राणघातक' ही संज्ञा रूढ झाली. हा बदल प्रामाणिकपणाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'कमी' हे विशेषण हजार प्रयोगांच्या हिशेबाला लागू पडते, एका माणसाच्या मृत्यूला लागू पडत नाही. कोणी कमी मरत नाही. प्रशिक्षणार्थी मात्र हा शब्द हिशेबातील शक्यता म्हणून न ऐकता परवानगी म्हणून ऐकतो, आणि जे साधन बंदुकीला पर्याय म्हणून आले ते हळूहळू संभाषणाला पर्याय होऊ लागते.

३. पाठ्यक्रमात काय असते

विद्युत्-शस्त्राच्या प्रशिक्षणाचा गाभा तांत्रिक आहे. २००३ साली बाजारात आलेल्या एक्स-२६ या प्रतिमानाचे उदाहरण घेऊ. नायट्रोजन वायूच्या दाबाने दोन काटे सुटतात, बारीक तारांनी ते शस्त्राला जोडलेले असतात. चाप एकदा ओढला की पाच सेकंद विद्युत्-स्पंद वाहतात, सेकंदाला सुमारे १९. पन्नास हजार व्होल्ट हा बहुचर्चित आकडा हवेतील अंतर पार करण्यासाठी लागणाऱ्या दाबाचा आहे, शरीरावर पडणारा दाब त्याच्या मानाने पुष्कळ कमी असतो. दोन काट्यांमध्ये पुरेसे अंतर पडले तरच मोठे स्नायू आखडून माणूस कोसळतो. काटे जवळजवळ रुतले, एखादा चुकला किंवा जाड कपड्यात अडकला, तर परिणाम होत नाही. हे सारे प्रशिक्षणार्थ्याला शिकविले जाते आणि ते शिकविणे आवश्यकच आहे.

मिरचीच्या फवाऱ्याचे तंत्र याहून सोपे आहे. कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जापेशींवरील ग्राहकाला चिकटते. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कातडी भाजलेली नसते, मेंदूला मात्र भाजल्याचीच वार्ता पोहोचते. डोळे मिटतात, श्वासनलिका आकसते, खोकल्याने माणूस वाकतो. अर्क तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने लवकर धुतला जात नाही. दम्याच्या रुग्णाला यातून विशेष धोका संभवतो. वाऱ्याची दिशा, अंतर, फवारणीचा कालावधी आणि नंतरची शुश्रूषा हे या प्रशिक्षणाचे चार मुख्य धडे होत.

याखेरीज अनेक पोलीस दलांत एक दीक्षाविधी असतो. प्रशिक्षणार्थ्याने स्वतः फवारा तोंडावर घ्यावा किंवा धक्का सोसावा, म्हणजे दुसऱ्याला आपण काय देतो याची जाण त्याला येईल, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. हेतू स्तुत्य आहे, परंतु या विधीची बारकाईने तपासणी केली पाहिजे. प्रशिक्षणार्थी तरुण व निरोगी असतो. खाली गादी असते, दोन्ही बाजूंनी सहकाऱ्यांनी दंड धरलेले असतात, धक्का पाच सेकंदांत थांबणार हे त्याला ठाऊक असते, आणि उठल्यावर टाळ्या वाजतात. ज्याच्यावर हे शस्त्र पुढे चालणार त्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. तो थकलेला, आजारी, नशेत अथवा मानसिक आघातात असू शकतो, खाली फरसबंदी असते, आणि हे कधी थांबेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून हा विधी सहानुभूतीऐवजी निर्धास्तपणा शिकविण्याचा संभव अधिक. 'मलाही बसला होता, मला काही झाले नाही' हे वाक्य त्यातून जन्मास येते.

तंत्र शिकविल्याने मर्यादा शिकविली जात नाही, याचे विदारक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. ॲस्टन व्हिला संघाचे माजी फुटबॉलपटू डेलियन ॲटकिन्सन यांचा १५ ऑगस्ट २०१६ रोजी टेलफर्ड येथे मृत्यू झाला. मानसिक आघाताच्या अवस्थेत असलेल्या ॲटकिन्सन यांच्यावर एका पोलिसाने ३३ सेकंद टेझर चालविले आणि नंतर डोक्यावर लाथा मारल्या. एका ओढीचा पाठ पाच सेकंदांचा, पण चाप दाबून धरला तर शस्त्र थांबत नाही. २०२१ साली तो पोलीस सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला व त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एकूण पंधरा सेकंदांहून अधिक धक्क्याने धोका वाढू शकतो असे सांगितले होते. म्हणजे पाच सेकंद हा आकडा माहितीत होता, पंधरा हाही आकडा माहितीत होता. तेहतीस सेकंद माहितीच्या अभावी घडले नाहीत.

४. तीन घटना आणि एक निदान

'प्रशिक्षण अपुरे होते' या निदानाची परीक्षा करण्यासाठी तीन घटना शेजारी ठेवून पाहू.

पहिली घटना प्राध्यापकवर्गाला विशेष जवळची वाटेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील परिसरात १८ नोव्हेंबर २०११ रोजी विद्यार्थी हातात हात गुंफून जमिनीवर बसले होते. आंदोलनात शुल्कवाढीचा प्रश्न होता आणि परिसरात तंबू ठोकण्यात आले होते. विद्यापीठाच्याच पोलीस दलातील एक अधिकारी त्या रांगेपुढून सावकाश चालत गेला आणि बसलेल्यांच्या तोंडावर मिरचीचा फवारा मारीत गेला. माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल दिला. ही घटना टाळता आली असती आणि टाळायला हवी होती, असा तिचा निष्कर्ष होता. वापरलेला मोठ्या दाबाचा फवारा त्या दलाच्या अधिकृत साधनांत नव्हता, त्याचे प्रशिक्षण दिलेले नव्हते, आणि किमान सहा फूट अंतराचा दंडकही पाळला गेला नाही. समितीने विद्यापीठाच्या प्रशासनाच्या निर्णयप्रक्रियेवरही बोट ठेवले. विद्यार्थ्यांना एकूण दहा लाख डॉलर्सची भरपाई मिळाली. पुढे २०१६ साली असे उघड झाले की, महाजालावर विद्यापीठाची प्रतिमा सुधारण्यासाठी किमान पावणेदोन लाख डॉलर्स सल्लागारांवर खर्च झाले होते. येथे प्रशिक्षणाचा अभाव खरोखरच होता.

दुसरी घटना कॅनडातील. रॉबर्ट जेकान्स्की हे पोलंडहून आलेले गृहस्थ आईकडे कायमचे राहण्यासाठी येत होते. १४ ऑक्टोबर २००७ रोजी, व्हँकुव्हर विमानतळावर सुमारे दहा तास अडकून पडल्यानंतर, त्यांचा मृत्यू झाला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. चार पोलीस आले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत टेझर चालले. एकूण पाच वेळा ते चालविले गेले. त्या क्षणी त्यांच्या हातात कागद टाचण्याचे यंत्र होते. आपली कृती प्रशिक्षणाला धरून होती, असा पवित्रा पोलिसांनी घेतला. न्यायमूर्ती टॉमस ब्रेडवूड यांच्या चौकशी आयोगाने २००९ व २०१० साली दोन अहवाल दिले. शस्त्राचा वापर समर्थनीय नव्हता, हा आयोगाचा निष्कर्ष. या शस्त्राने मृत्यू ओढवू शकतो आणि शारीरिक इजेचा तातडीचा धोका असल्याखेरीज ते वापरू नये, त्याआधी संवादाने ताण उतरविण्याचा प्रयत्न झाला पाहिजे, अशी त्याची शिफारस. उत्पादक कंपनीने पहिल्या अहवालाला न्यायालयात आव्हान दिले, ते २०१० साली फेटाळले गेले. चौघांपैकी दोन पोलीस पुढे आयोगापुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरले. येथे प्रशिक्षणाचा अभाव नव्हता, तर प्रशिक्षण हेच समर्थन म्हणून पुढे केले गेले.

तिसरी घटना मिनेसोटा राज्यातील ब्रुकलिन सेंटर येथील. ११ एप्रिल २०२१ रोजी डॉन्टे राइट या वीस वर्षांच्या तरुणाला वाहन-तपासणीच्या वेळी पोलीस अधिकारी किम पॉटर यांनी गोळी घातली. गोळी झाडण्यापूर्वी त्या 'टेझर, टेझर' असे ओरडल्या होत्या. टेझर समजून त्यांनी पिस्तूल उपसले होते. त्यांची सेवा २६ वर्षांची होती आणि त्या दिवशी त्या एका नव्या अधिकाऱ्याला प्रशिक्षण देत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्या सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरल्या. बारा वर्षांपूर्वी, १ जानेवारी २००९ रोजी, ओकलंड येथील रेल्वे-स्थानकावर ऑस्कर ग्रँट या तरुणाला गोळी घातली गेली, तेव्हाही गोळी झाडणाऱ्या पोलिसाने टेझर काढायचे होते असेच सांगितले होते. अशा गोंधळावर उपाय म्हणून टेझरचा रंग वेगळा ठेवणे, ते दुसऱ्या बाजूला लटकविणे हे नियम प्रशिक्षणात आले होते. ते सारे असूनही येथे चुकली ती प्रशिक्षिकाच.

एका घटनेत प्रशिक्षण नव्हते, दुसऱ्या घटनेत प्रशिक्षणाचा दाखला दिला गेला, आणि तिसऱ्या घटनेत प्रशिक्षक स्वतः होता. तिन्ही प्रसंगी परिणाम अनर्थाचाच झाला आणि तिन्ही प्रसंगांनंतर अधिक प्रशिक्षणाची मागणी झाली. जे निदान परस्परविरोधी लक्षणांना सारखेच लागू पडते, त्याने रोगाविषयी काही कळत नाही. तिन्ही ठिकाणी चुकीचा निर्णय हातात शस्त्र येण्यापूर्वीच झालेला होता. बसलेल्या मुलांना उठविलेच पाहिजे का, भाषा न समजणाऱ्या माणसाशी अर्धे मिनिट तरी थांबून बोलावे का, किरकोळ तपासणीत पळू पाहणाऱ्या तरुणाला धक्का देणे आवश्यक होते का, हे ते प्रश्न होत. यांची उत्तरे चाप कसा ओढावा याच्या सरावातून मिळत नाहीत. 'प्रशिक्षण अपुरे होते' या वाक्यात निर्णय घेणारा माणूस आणि त्याला पाठविणारी संस्था दोघेही लपतात, आणि दोष एका वेळापत्रकावर जाऊन पडतो.

५. वेदना आणि आज्ञा

या शस्त्रांच्या प्रशिक्षणात एक संकल्पना केंद्रस्थानी असते, ती म्हणजे वेदना देऊन आज्ञापालन करवून घेणे. काटे न सोडता शस्त्राचे टोक थेट अंगाला टेकविले, तर स्नायू आखडत नाहीत, केवळ तीव्र वेदना होते. अशा वापरात शस्त्र माणसाला थांबवीत नाही, ते त्याला वळण लावू पाहते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोव्हेंबर २००६ मध्ये ओळखपत्र न दाखविणाऱ्या एका विद्यार्थ्याला असे धक्के अनेकदा दिले गेले आणि प्रत्येक वेळी 'उभा राहा' अशी आज्ञा केली गेली. पुढे स्वतंत्र चौकशीत हा वापर धोरणबाह्य ठरला. येथील तर्कदोष स्पष्ट आहे. वेदनेने आज्ञा पाळायला लावायची असेल, तर वेदना चालू असताना आज्ञा ऐकण्याची व पाळण्याची क्षमता शिल्लक असावी लागते. एलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, तीव्र वेदना भाषेलाच उद्ध्वस्त करते. ज्याची भाषा नाहीशी केली त्याच्याशी आज्ञेच्या भाषेत बोलणे हा विरोधाभास होय, आणि आज्ञा न पाळणे हाच पुढील धक्क्याचा आधार मानला, तर त्याला अंत राहत नाही.

डेरियस रेजाली यांच्या 'टॉर्चर अँड डेमॉक्रसी' (२००७) या बृहद्ग्रंथातील प्रतिपादनही येथे उपयुक्त आहे. लोकशाही राष्ट्रांत यातनांवर देखरेख वाढली, तशी खुणा न ठेवणारी यातनातंत्रे पसरली, असे त्यांचे म्हणणे. विजेचा धक्का आणि तिखटाची आग या दोहोंचे वैशिष्ट्य हेच की, दुसऱ्या दिवशी दाखवायला फारसे काही उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यातनाविरोधी समितीने नोव्हेंबर २००७ मध्ये पोर्तुगालसंबंधीच्या निरीक्षणांत एक्स-२६च्या वापराने होणारी तीव्र वेदना हा यातनेचा प्रकार ठरतो, अशी चिंता व्यक्त केली होती. रासायनिक शस्त्रांविषयीचा १९९३चा आंतरराष्ट्रीय करार तर दंगल-नियंत्रक द्रव्ये युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास मनाई करतो, देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी मात्र त्यांना मुभा देतो. शत्रुसैनिकावर जे वापरता येत नाही ते आपल्याच नागरिकावर वापरता येते. या तरतुदीमागे युद्धात रासायनिक मारा चिघळत जाण्याची भीती हे कारण आहे, हे खरे. तरीही प्रशिक्षणार्थ्याने किमान एकदा या विसंगतीपुढे थांबायला हवे.

६. हे ज्ञान कोणाचे?

प्रशिक्षणाची प्रामाण्यता ज्ञानस्रोतावर अवलंबून असते. अमेरिकेच्या एफबीआयने १९८०च्या दशकाच्या अखेरीस मिरचीच्या फवाऱ्याला मान्यता दिली आणि ती पाहून देशभरच्या पोलीस दलांनी तो स्वीकारला. १९९६ साली एफबीआयच्या याच विषयातील प्रमुख तज्ज्ञाने, एका उत्पादकाशी संबंधित ५७,५०० डॉलर्स स्वीकारल्याची न्यायालयात कबुली दिली. विद्युत्-शस्त्रांच्या बाबतीत उत्पादक कंपनीच पाठ्यक्रम तयार करते आणि प्रशिक्षकांना प्रमाणपत्रे देते. छातीच्या पुढील भागावर नेम धरणे शक्यतो टाळावे, ही सूचना याच कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये दिली. तोवर दहा वर्षे ही शस्त्रे पोलिसांच्या हाती होती.

असेच एक उदाहरण निदानशास्त्रातले. 'एक्सायटेड डेलिरियम', म्हणजे उत्तेजित भ्रमावस्था, ही संज्ञा प्रशिक्षणांतून पोलिसांना शिकविली गेली. धक्क्यानंतर झालेल्या मृत्यूंचे कारण म्हणून ती पुढे केली जाई. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकांच्या महाविद्यालयाने २००९ साली तिला मान्यता देणारा निबंध काढला होता, तो २०२३ साली मागे घेतला. मृत्यूचे कारण म्हणून ही संज्ञा वापरण्यास कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी कायद्याने बंदी केली. चौदा वर्षे वर्गात शिकविलेली संज्ञा आज टिकत नाही. ज्या विद्याशाखेत शिकविणारा, विकणारा आणि तपासणारा यांच्यात अंतर राहत नाही, तेथे चूक दुरुस्त व्हायला असाच काळ लागतो. आपण समकक्ष-परीक्षणाचा आग्रह धरतो तो यासाठीच.

७. प्रतिपक्ष

या मांडणीवर एक सबळ आक्षेप संभवतो. ही शस्त्रे नसती तर त्या जागी बंदूक आली असती. चाकू घेऊन अंगावर येणाऱ्या माणसाला टेझरने थांबवून त्याचा आणि इतरांचा जीव वाचल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, थेट परिणामांमुळे गंभीर इजा अथवा मृत्यूचा मोठा धोका असल्याचा निर्णायक वैद्यकीय पुरावा नाही, असे म्हटले होते. हा आक्षेप योग्य आहे आणि प्रस्तुत लेखकाला तो मान्य आहे. मात्र तो ज्या प्रसंगांना लागू पडतो ते प्रसंग बंदुकीच्या उंबरठ्यावरचे आहेत. डेव्हिसच्या हिरवळीवर, लॉस एंजेलिसच्या ग्रंथालयात वा व्हँकुव्हरच्या विमानतळावर टेझर वा फवारा नसता तर बंदूक आली नसती, कदाचित प्रतीक्षा आली असती. टीका शस्त्राच्या अस्तित्वावर नसून त्याच्या सुलभतेने निर्माण होणाऱ्या अधीरतेवर आहे, आणि प्रचलित प्रशिक्षण या अधीरतेला आवर घालीत नाही.

८. आपल्याकडील संदर्भ

ही चर्चा आपल्याला दूरची वाटू नये. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण विधेयक मांडले जात असताना खासदार एल. राजगोपाल यांनी लोकसभेतच मिरचीचा फवारा मारला आणि काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले. बंद सभागृहात फवारा कोणा एकाचा राहत नाही, हे देशाने त्या दिवशी पाहिले. काश्मीरमध्ये छऱ्यांच्या बंदुकांना पर्याय म्हणून २०१६ साली मिरचीतील द्रव्याशी साधर्म्य असलेल्या 'पावा' या रसायनाचे गोळे आणले गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ साली एका मालमत्तेच्या वादात, जिवाला तातडीचा धोका नसताना केलेला फवाऱ्याचा वापर हा स्वसंरक्षणाचा हक्क मानता येणार नाही, अशी भूमिका घेतली व या फवाऱ्याला घातक शस्त्राच्या कोटीत बसविले. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेतही पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणेच मान्य आहे आणि आवश्यक तेवढेच बळ ही त्याची मर्यादाही कायम आहे. परंतु आपल्याकडे फवारा विकत घेताना ही मर्यादा कोणी शिकवीत नाही.

महाविद्यालयांशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो विद्यार्थिनींच्या स्वसंरक्षण-कार्यशाळांमुळे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर अशा कार्यशाळांना आणि फवाऱ्याच्या विक्रीला वेग आला. एखाद्या दुपारी सभागृहात प्रात्यक्षिक होते, छायाचित्र निघते, अहवालात नोंद होते. विद्यार्थिनीच्या पिशवीत फवारा असण्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. निर्जन रस्त्यावर तो तिच्या उपयोगी पडू शकतो. प्रश्न असा की, ही कार्यशाळा कोणता हल्लेखोर गृहीत धरते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून वर्षानुवर्षे असे दिसते की, बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तो नातेवाईक असतो, शेजारी असतो, मित्र असतो, क्वचित शिक्षकही असतो. अनोळखी माणसावर फवारा मारायला शिकविणे सोपे आहे. ओळखीच्या, वडीलधाऱ्या, उपकारकर्त्या माणसाला 'नाही' म्हणायला शिकविणे कठीण आहे, कारण तेथे आड येतो तो आपणच दिलेला आदराचा संस्कार.

हे कठीण काम करता येते, याचा पुरावा उपलब्ध आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी शार्लीन सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा तासांचा एक प्रतिकार-अभ्यासक्रम राबविला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण अभ्यासक्रम घेतलेल्या गटात ५.२ टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के आढळले. या अभ्यासक्रमात शारीरिक प्रतिकारही शिकविला जातो. परंतु त्याआधी धोका ओळखणे, ओळखीच्या पुरुषाविषयी मनात येणारा संकोच दूर करणे आणि स्वतःच्या इच्छा-अनिच्छा स्पष्ट करणे यांना पुष्कळ वेळ दिलेला असतो. म्हणजे हाताच्या आधी निर्णयाचे शिक्षण. पोलिसांच्या बाबतीत जी उणीव आपण पाहिली, नेमकी तीच येथे भरून काढलेली दिसते.

याच्या जोडीला एक सावधगिरी आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' या २०१३ सालच्या अहवालात, परिसर-सुरक्षेच्या नावाखाली अतिपाळत अथवा स्त्रियांच्या संचारस्वातंत्र्यावर बंधने येता कामा नयेत, असे बजावले आहे. सुरक्षेची सारी जबाबदारी विद्यार्थिनीच्या पिशवीतील डबीवर टाकली, की रस्त्यावरचा दिवा, रात्रीची बस, तक्रार समितीची तत्परता या संस्थेच्या जबाबदाऱ्या मागे पडतात. फवारा जवळ नव्हता म्हणून तिलाच दोष देण्याची वाटही मोकळी होते. 'प्रशिक्षण अपुरे होते' या वाक्याचे हे घरगुती रूप होय.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, या शस्त्रांचे प्रचलित प्रशिक्षण तंत्रप्रधान आहे आणि ते केव्हा वापरू नये याचे शिक्षण त्यात गौण राहते. दोन, अनर्थानंतर प्रशिक्षणाची उणीव दाखविणे हे अनेकदा निर्णयाची व संस्थेची जबाबदारी झाकण्याचे साधन होते. तीन, ज्यांचा विक्रीत हितसंबंध आहे त्यांच्या हाती पाठ्यक्रम राहू नये. चार, महाविद्यालयीन स्वसंरक्षण-प्रशिक्षणात साधनाच्या प्रात्यक्षिकापूर्वी कायद्याची मर्यादा, धोक्याची ओळख आणि नकाराचा सराव यांना स्थान मिळाले पाहिजे. अशी कार्यशाळा एका दुपारची नसावी, आणि तिच्यात विद्यार्थ्यांनाही सहभागी करून घ्यावे, कारण समोरच्याचा नकार ऐकणे हीसुद्धा शिकविण्याची गोष्ट आहे.

डेव्हिसच्या परिसरात फवारा पोलिसाच्या हातात होता, पण परिसर रिकामा करण्याचा निर्णय प्रशासनाच्या दालनात झाला होता. शिक्षणसंस्था या नात्याने आपला प्रश्न तेथे सुरू होतो. विद्यार्थ्यांशी आणखी एक तास बोलावे की सुरक्षारक्षकांना बोलवावे, याचा निर्णय आपल्यापैकी कोणाला तरी कधी तरी करावा लागतो. त्याचे प्रशिक्षण कोणतीही कंपनी देत नाही.